न घेतलेले निर्णय

सदाशिव पेठेतल्या औषधांच्या घाऊक बाजाराला स्वतःचा वास आहे. नवा पुठ्ठा, बी-कॉम्प्लेक्स आणि खोकी बंद करायची चिकटपट्टी, तिन्ही मिळून झालेला. माझ्या मैत्रिणीच्या दुकानात तो जिन्यापासूनच सुरू होतो. दिवाळीची गर्दी ओसरल्यावर तिच्या मुलाने मला तिथे बोलावून घेतलं. इंजिनिअरिंग संपवून तो आता दुकानात बसतो आणि जुनं बिलिंग सॉफ्टवेअर बदलायचं त्याने मनावर घेतलं आहे. “मावशी, बॅकएंड तयार आहे, फक्त एकदा नजर टाक,” असं तो फोनवर म्हणाला होता. बॅकएंड म्हणजे सॉफ्टवेअरचा पडद्यामागचा भाग, जिथे माहिती साठवली जाते आणि नियम चालतात. त्याने दुकानाच्या कामाचं पानभर वर्णन एआयला दिलं होतं आणि एका संध्याकाळीत माहिती साठवायची टेबलं, एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामने आत यायचे दरवाजे), लॉगिन, परवानग्या, कोड बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या टेस्ट, अगदी एपीआय कसे वापरायचे याची माहितीपुस्तिकासुद्धा तयार झाली होती. मी खुर्ची ओढून कोड वाचायला बसले. नावं नेटकी होती, चुकीची माहिती आली तर काय करायचं ते प्रत्येक ठिकाणी लिहिलेलं होतं, टेस्ट सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. वाचताना मनापासून आनंद होत होता, आणि त्याच वेळी छातीत काहीतरी आवळल्यासारखंही वाटत होतं.

तेवढ्यात अण्णा आले. अण्णा म्हणजे या दुकानाचे हिशेब सांभाळणारे. मैत्रिणीच्या सासऱ्यांच्या वेळेपासून इथेच आहेत. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी स्क्रीनवर बिलांची यादी पाहिली. प्रत्येक बिलासमोर तीन चिन्हं होती: पाहा, बदला, काढून टाका. तिसऱ्या चिन्हावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “हे कोणी मागितलं?” मुलगा म्हणाला, “मागितलं नाही अण्णा, ते आपोआपच येतं.” अण्णा थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “बिल पुसायचं असं आपल्याकडे ठरलं कधी?” आणि फोन वाजला म्हणून उठून गेले.

तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

व्यवसायाला लागणारा बॅकएंड यंत्राने आपोआप लिहून द्यावा की नाही, यावर मी आजवर खूप वाद ऐकले आहेत आणि त्यात हिरिरीने बोललेही आहे. ते बहुतेक वाद वेगाचे असतात, नोकऱ्यांचे असतात, कोडच्या दर्जाचे असतात. अण्णांनी यातलं काहीच विचारलं नव्हतं. ठरवलं कोणी, एवढंच त्यांना हवं होतं. कीर्द-खतावणीत वाढलेल्या माणसाला हे सुचणं साहजिक आहे. हिशेबाच्या वहीत चुकलेला आकडा खरवडून काढत नाहीत. उलट नोंद घालतात, मूळ आकडा तसाच दिसत राहतो आणि शेजारी कारण लिहिलेलं असतं. कंपन्यांसाठी तर हे आता कायद्यातच आलं आहे: १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी, कधी, काय बदललं याची नोंद आपोआप राहिली पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. मैत्रिणीचं दुकान भागीदारीतलं, त्यामुळे तो नियम तिला थेट लागू नाही. पण अण्णांनी तो त्याच्या कितीतरी आधीपासून पाळला आहे. जीएसटीतही केलेल्या बिलाची रक्कम कमी करायची ती क्रेडिट नोटने. बिल जागेवर राहतं आणि त्याच्यासमोर दुसरा कागद उभा राहतो.

यंत्राला मात्र टेबल दिसलं की चार गोष्टी सुचतात: नवी नोंद करा, वाचा, बदला, पुसा. गिऱ्हाईक असो, औषध असो, बिल असो की शेड्यूल एच-वनचं, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या काही ठरावीक औषधांच्या विक्रीचं रजिस्टर असो, सगळ्यांना तेच चार दरवाजे. त्या रजिस्टरमधल्या नोंदी दुकानदाराने तीन वर्षं जपायच्या असतात. मैत्रिणीने शेजारीच किरकोळ विक्रीचा काउंटरही ठेवला आहे, म्हणून ते रजिस्टर तिच्याकडे आहे. मुलाच्या बॅकएंडमध्ये त्यालाही पुसायचा एपीआय होता, स्वच्छ लिहिलेला, टेस्टसकट. टेस्ट तपासत होती की नोंद खरोखर पुसली जाते की नाही. जात होती.

कोड आपोआप तयार व्हावा ही इच्छा आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्याइतकीच जुनी आहे. जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएममध्ये फोरट्रान ही प्रोग्रामिंगची भाषा केली आणि ती १९५७ साली बाहेर आली, तेव्हा तिचं वर्णन ‘ऑटोमॅटिक कोडिंग सिस्टिम’ असंच होतं. सूत्र लिहा, यंत्राच्या भाषेतला कोड ती स्वतः तयार करील. त्या वेळी हा चमत्कार होता, आज त्याला आपण नुसती भाषा म्हणतो. १९८१ साली ब्रिटनमध्ये ‘द लास्ट वन’ नावाचा प्रोग्राम आला. तो साध्या इंग्रजीत प्रश्न विचारायचा आणि उत्तरांवरून बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेतला प्रोग्राम लिहून द्यायचा. याच्यानंतर दुसरा प्रोग्राम लिहावाच लागणार नाही, असा त्या नावाचाच दावा होता. त्याच वर्षी पुण्यात टाटांचं संशोधन केंद्र सुरू झालं, टीआरडीडीसी. व्यवसायाचं मॉडेल नीट मांडायचं आणि त्यावरून मोठमोठ्या प्रणालींचा कोड यंत्राकडून काढायचा, या विषयावर तिथे वर्षानुवर्षं काम झालं आणि त्यातून टीसीएसचं मास्टरक्राफ्ट हे कोड तयार करणारं साधन उभं राहिलं. पुण्यातल्या आम्हा लोकांना याचा अभिमान असायला हवा. आज जे नवं म्हणून दाखवलं जातं, त्यातले कठीण प्रश्न हडपसरच्या त्या केंद्रात खूप आधी विचारले गेले होते.

माझी स्वतःची या गोष्टीशी ओळख रेल्समुळे, म्हणजे वेबसाइट झटपट बांधायच्या एका साधनामुळे झाली. २००५ साली रेल्सचे कर्ते डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी त्यात पंधरा मिनिटांत ब्लॉग उभा करून दाखवला होता. तो व्हिडिओ आम्ही ऑफिसातल्या एका मॉनिटरभोवती कोंडाळं करून पाहिला. खोलीत एसीचा घरघराट आणि कोणाच्या तरी डब्यातल्या लसणाच्या चटणीचा वास. स्कॅफोल्डची एक आज्ञा दिली की सगळं उभं राहायचं. त्या काळात आम्ही जावा भाषेत एका टेबलासाठी पाच-पाच फाइली हाताने लिहायचो. त्या फाइली लिहिताना मनगट दुखायचं, हे मला अजून आठवतं. म्हणून यंत्राने लिहिलेल्या कोडला नाकं मुरडणाऱ्यांमध्ये मी कधीच नव्हते. पुढे असंच कोड तयार करून देणारं जेहिप्स्टर आलं, ओपनएपीआय पद्धतीने लिहिलेल्या एपीआयच्या वर्णनावरून कोड काढणारी साधनं आली, डेटाबेसवरून थेट एपीआय देणारं पोस्टग्रेस्ट आलं, तसंच काम करणारं, बंगळुरूत सुरू झालेलं हसुरा आलं. मी ती वापरली आहेत आणि त्यांनी माझी कित्येक वर्षांची कंटाळवाणी मजुरी वाचवली आहे.

या जुन्या साधनांमध्ये आणि आताच्या एआयमध्ये एक मोठा फरक आहे. जुनं साधन साच्यावर चालायचं. तेच मॉडेल दिलं की तोच कोड, आज दिलं काय आणि सहा महिन्यांनी दिलं काय. त्याला माहीत नसलेली जागा ते रिकामी सोडायचं, तिथे ‘इथे तुमचा कोड लिहा’ असं असायचं. त्याचे त्रासही होते: हाताने बदल केला आणि पुन्हा कोड काढला तर आपला बदल पुसला जायचा, मग तयार कोड एका जागी आणि आपला कोड वेगळ्या जागी ठेवायची शिस्त लावावी लागायची. पण मोकळी जागा डोळ्यांना दिसायची. एआय जागा मोकळी सोडत नाही. तो काहीतरी शहाणं, पटेल असं, बहुतेक ठिकाणी चालेल असं भरून टाकतो. न घेतलेला निर्णय घेतलेल्या निर्णयासारखा दिसू लागतो. वाचणाऱ्याला वाटतं, एवढ्या आत्मविश्वासाने लिहिलं आहे म्हणजे कोणीतरी विचार केला असेल.

त्या दिवशी मी उशिरापर्यंत दुकानात थांबले आणि अशा जागा शोधत बसले. खाली हमाल खोकी चढवत होते, टेम्पोच्या हॉर्नने संभाषण तुटत होतं. पहिली जागा कराची. औषधाच्या टेबलात जीएसटीचा दर असा एक रकाना होता आणि बिल दाखवताना दर तिथूनच उचलला जात होता. २२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक औषधांवरचा दर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. म्हणजे तो रकाना बदलला की ऑगस्टमधलं बिलही पुन्हा उघडल्यावर ५ टक्क्यांचं दिसणार. ऑगस्टमध्ये विकलेला माल नोव्हेंबरमध्ये परत आला तर त्याची क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दरानेच काढायला हवी, आणि तो दर आता कुठेच शिल्लक नसणार. मुदत संपलेल्या औषधांचं तर अजून एक वळण आहे. ऑक्टोबर २०१८ च्या परिपत्रकानुसार असा माल परत करायचे दोन रस्ते आहेत: घाऊक व्यापाऱ्याने क्रेडिट नोट द्यायची, किंवा नोंदणीकृत किरकोळ दुकानदाराने तोच माल नवी विक्री समजून बिल करून परत पाठवायचा. दर बदलल्यावर या दोन रस्त्यांचे आकडे वेगळे पडतात. कोणता रस्ता धरायचा हे तांत्रिक काम नाही. ते दुकानाने आणि त्यांच्या सीएने बसून ठरवायचं आहे. यंत्राने एक रस्ता निवडला होता, आणि निवडला आहे हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

दुसरी जागा बिल क्रमांकाची. नियम सांगतो की क्रमांक सलग हवा, त्या आर्थिक वर्षात एकमेव हवा आणि १६ अक्षरांच्या आत हवा. यंत्राने तो पोस्टग्रेस या डेटाबेसच्या सीक्वेन्सवर, म्हणजे आपोआप पुढचा आकडा देणाऱ्या सोयीवर सोडला होता. सीक्वेन्समधून एकदा क्रमांक उचलला आणि मधेच व्यवहार रद्द झाला, तर तो क्रमांक परत जात नाही. मालिकेत भोक पडतं. सीक्वेन्स बांधलाच आहे तसा, वेगासाठी, आणि दुसऱ्या हजार कामांना ते अगदी योग्य आहे. इथे मात्र पुढच्या वर्षी कोणी अधिकारी समोर बसून गाळलेल्या क्रमांकाचं बिल मागेल तेव्हा अण्णांना उत्तर द्यावं लागेल. तारखांचंही तसंच. सगळ्या वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत ठेवल्या होत्या, हे चांगलंच. पण बिलाची तारीखही त्याच वेळेवरून काढली होती. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. ३१ मार्चच्या रात्री या बाजारात दिवे उशिरापर्यंत चालू असतात. मध्यरात्र उलटून साडेबारा वाजता केलेलं बिल यूटीसीत ३१ मार्चच्या संध्याकाळी सातचं ठरतं, म्हणजे आदल्या आर्थिक वर्षात जाऊन पडतं.

तिसरी गोष्ट पाहून मात्र मला खरंच भीती वाटली. किरकोळ दुकानदारांना स्वतःचा खातेउतारा पाहता यावा म्हणून एक एपीआय होता. लॉगिन तपासलं जात होतं. पण लॉगिन केलेल्या माणसाने वेब पत्त्यातला क्रमांक बदलला की शेजारच्या दुकानाची उधारी दिसत होती. सॉफ्टवेअरच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेने एपीआयच्या सुरक्षेतल्या धोक्यांची यादी २०१९ मध्ये काढली आणि २०२३ मध्ये सुधारली, दोन्ही वेळा पहिल्या क्रमांकावर हाच दोष आहे. या बाजारात कोणाची किती उधारी थकली आहे ही बातमी फुटणं म्हणजे एखाद्याची पत जाणं. मुलाने ती दुरुस्ती लगेच केली, यंत्राकडूनच, आणि ती चांगली झाली. सांगितल्यावर यंत्र करतं. पण सांगायचं म्हणजे आधी ते कोणाच्या तरी मनात यावं लागतं.

आणि तरीही त्या बॅकएंडचा मोठा भाग मी जसाच्या तसा ठेवायला सांगितला. औषधांची यादी, कंपन्या, दुकानांचे पत्ते, औषध परवान्यांचे क्रमांक आणि त्यांच्या मुदती, एक्सेलमधून माल चढवणं, मुदत जवळ आलेल्या बॅचचा अहवाल: इथे यंत्राने लिहिलेलं माझ्यापेक्षा कमी नव्हतं आणि मला त्याला काही आठवडे लागले असते. हे काम माणसाने हाताने करावं असं मला जराही वाटत नाही. मैत्रिणीसारख्या दुकानाला आजवर स्वतःच्या पद्धतीचं सॉफ्टवेअर परवडतच नव्हतं. बाजारातलं तयार घ्यायचं आणि आपल्या सवयी त्याच्या मापाच्या करून घ्यायच्या, नाहीतर उरलेलं अण्णांच्या वहीत. आता तिचा मुलगा एका संध्याकाळीत निम्म्या वाटेवर पोहोचतो. हे मी हलकं मानत नाही. लहान धंद्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती व्हावी असं मला मनापासून वाटतं.

म्हणूनच उरलेल्या निम्म्या वाटेची मला जास्त काळजी वाटते.

संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी १९८६ साली एक भेद मांडला होता: सॉफ्टवेअरची काही अवघडता साधनांमुळे येते आणि काही त्या विषयातच असते, साधनं सुधारली की पहिली कमी होते, दुसरी तशीच राहते. मी तो तरुणपणी वाचला तेव्हा मला तो निराशेचा वाटला होता. आता दुकानात बसल्यावर त्यात दिलासा वाटतो. विषयातली अवघडता म्हणजे माणसांनी एकमेकांशी कसं वागायचं ठरवलं आहे त्याची गुंतागुंत. दहावर एकची स्कीम घ्या. दहा स्ट्रिपचे पैसे, अकरावी मोफत. महिन्याभराने दुकानदार त्यातल्या चार परत करतो. त्याला चारचे पूर्ण पैसे द्यायचे, की दहाची किंमत अकरात वाटून त्या हिशेबाने द्यायचे, की मोफतची आधी वजा धरायची? मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, “कंपनी बघून. आणि खरं सांगू का ताई, पार्टी बघून.” ते सांगताना त्यांना जरा संकोच झाला. पण त्यांनी ज्या पार्ट्यांना सवलत दिली होती त्यांची कारणं ते एकेक करून सांगू लागले: कोणाच्या घरी आजारपण, कोणी कोविडच्या काळात रोखीने पैसे पोचवलेले, कोणाचं दुकान रस्तारुंदीत अर्धं गेलेलं. यातलं काहीही त्या पानभर वर्णनात नव्हतं, आणि असणारही कसं?

इथे माझं आणि मुलाचं जमत नाही. त्याचं म्हणणं, अण्णांकडून सगळं काढून घेऊ, यंत्राला देऊ, ते परताव्याचा भागही लिहील. लिहील, यात मला शंका नाही. माझा आग्रह वेगळा आहे. बिल, साठा, परतावा आणि उधारी या चार ठिकाणी आधी निर्णय माणसांच्या भाषेत लिहून व्हावेत, खाली घेणाऱ्याचं नाव असावं. मग गेल्या वर्षातली अण्णांची खरी प्रकरणं घेऊन टेस्ट आपण स्वतः लिहाव्यात, उत्तरं वहीतली. आणि कोड कोणीही लिहो, त्यातली प्रत्येक ओळ आपल्यापैकी एकाने वाचलेली असावी. कोड आणि टेस्ट दोन्ही एकाच यंत्राने एकाच समजुतीतून लिहिले की समजूत चुकीची असली तरी टेस्ट हिरव्याच येतात. त्याला हे संथ वाटतं. त्याच्या वयात मलाही वाटलं असतं. पण ३१ मार्चच्या रात्री काही अडलं तर दुकानात तो आणि अण्णा असतील, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला “असं का?” याचं उत्तर त्यांनाच द्यावं लागेल.

परताव्याचा प्रश्न आम्ही शेवटी मैत्रिणीसमोर ठेवला. दुकान तिचं. तिला या तिन्ही पद्धती चालू आहेत हेच माहीत नव्हतं. एका रविवारी चहा निवून जाईपर्यंत ती आणि अण्णा बोलत बसले. तिने ठरवलं: किंमत अकरात वाटायची, सगळ्यांना सारखी. अण्णांनी दोन जुन्या पार्ट्यांसाठी जोर धरला. तेव्हा असं झालं की सवलत देता येईल, पण ती तिच्या मंजुरीने, आणि मंजुरी कोणी व का दिली हे त्या क्रेडिट नोटवर कायम राहील. एवढं ठरल्यावर तो कोड मी हाताने लिहिला. फार नाही, पाच-दहा ओळींचा. बिलासमोरचं पुसायचं चिन्ह गेलं आणि त्या जागी ‘क्रेडिट नोट काढा’ असं आलं. बिल क्रमांकासाठी वेगळं टेबल झालं, कराचा दर बिलाच्या प्रत्येक ओळीवर उतरवून ठेवला जाऊ लागला. बाकीचं यंत्राने लिहिलेलं तसंच चालू आहे.

पुढच्या वेळी इन्शुलिनचं विचारायचं आहे. ते दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. रात्री वीज गेली आणि फ्रिज बंद पडला, तर त्या बॅचची विक्री सकाळी कोणी थांबवायची, आणि पुन्हा सुरू करायची की नाही हे कोण ठरवणार? यंत्राने तिथे ‘स्थिती’ नावाचा रकाना ठेवला आहे, आणि आज तरी तो कोणीही बदलू शकतो.